घुम्याची खुर्ची

शांतता हवी म्हणून माणसं डोंगरात जातात, रानात जातात. घुम्या शहरात गेला. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळं गाव पोटभर हसलं होतं. पण त्याचा अंदाज अगदीच चुकला होता असंही म्हणता येणार नाही.

घुम्या हे अर्थात गावानं ठेवलेलं नाव. त्याच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दुकानात दोन खुर्च्या, एकीमागे आप्पा म्हणजे वडील उभे, दुसरीमागे हा. आप्पांच्या जिभेला हाड नव्हतं. कात्री आणि तोंड त्यांनी एकाच वेळी चालवायला घेतलं असावं, आणि त्यातलं एक थांबलं की दुसरंही अडत असे. कुणाचा जावई रुसून छपरावर जाऊन बसला, कुणाच्या विहिरीतून भांड्यांचे आवाज येतात, असलं काहीबाही ते इतकं रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला मान हलवायची शुद्ध राहत नसे. आणि जावई आता छपरावरून उतरणार, तेवढ्यात गळ्याभोवतीचं कापड झटकून म्हणत, "झालं. उरलेलं पुढच्या खेपेला." मग काय, गिऱ्हाईक केस वाढायची वाट कशाला बघतंय? टक्कल पडलेली माणसंसुद्धा नेमानं येत, आता बोला.

घुम्याचा हात बापापेक्षा हलका होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली असत, पण कुणी म्हणून कुणी म्हणायचं नाही की चला, आज पोराकडे बसू. एकदा एक परगावचा माणूस चुकून त्याच्या खुर्चीत बसला. अर्धं डोकं कापून झाल्यावर तो उठला आणि जाऊन आप्पांच्या पलीकडे उभा राहिला. इथून नीट ऐकू येत नाही, म्हणाला.

घुम्याला बोलता येत नव्हतं असं नाही. त्याच्या मनात पुष्कळ असायचं, पण ते ओठांपर्यंत येईतो समोरच्याचा विषय बदललेला असायचा. त्याला जगाकडून फार काही नको होतं. एखाद्यानं तरी आपल्या खुर्चीसाठी थांबावं, एवढंच. लग्न झालं, आई गेली, कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले, तरी तो एखादा काही उगवला नाही. तेव्हा एके दिवशी त्यानं बायकोला म्हटलं, "शहरात जाऊ." ती म्हणाली, "जाऊ." तिला नवऱ्याच्या एका शब्दामागचे शंभर शब्द वाचायची सवय झाली होती. आप्पांना मात्र त्यानं सांगितलं की नवीन तऱ्हेचं काम शिकायला जातोय. आप्पा म्हणाले, "जा बाबा. तिथेही बोलावंच लागतं, एवढं शिकलास तरी पुष्कळ."

आणि बघा, नेमकं तेच झालं. शहरात त्याला एका चकचकीत सलूनमध्ये काम मिळालं. तिथे भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात गाणी, आणि मालक असा की त्याच्यापुढे आप्पा म्हणजे मुके. गिऱ्हाईक बसलं की आधी त्याला घाबरवायचं, ही तिथली रीत. केस गळतायत, त्वचा कोरडी पडलीय, टाळूची अवस्था बघवत नाही. मग बाटली काढायची. घुम्याला हे सगळं पाठ करायला लावलं होतं. एक दिवस मालकानं एका गृहस्थाच्या डोक्यावरून हात फिरवत हळहळ व्यक्त केली आणि घुम्याकडे वळून म्हणाला, "काय, विरळ होतायत ना यांचे?" घुम्यानं वाकून नीट पाहिलं आणि म्हणाला, "नाही." त्या दुकानात स्वतःच्या मनचं तो एवढंच काय ते बोलला असेल, आणि त्यातच नोकरी गेली.

मग त्यानं स्वतःचं दुकान काढलं. धोब्याचं दुकान आणि एक जिना यांच्या मधली चिंचोळी जागा. आत एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. टीव्ही नाही, रेडिओ नाही. घुम्या आरशातून नुसता बघायचा आणि विचारायचा, "किती?" गिऱ्हाईक बोटांनी दाखवायचं. संपलं संभाषण.

सुरुवातीला माशा मारल्या. बायको शेजारच्या शिवणाच्या कारखान्यात जायला लागली म्हणून चूल पेटत राहिली. मग एक दिवस एक माणूस आला, त्याचं काम म्हणजे दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं. लोक त्याला शिव्या घालायचे आणि त्यानं त्यांचे आभार मानायचे. तो खुर्चीत बसला, घुम्यानं त्याला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, आणि गालाला फेस लागतो न लागतो तोच त्याला गाढ झोप लागली. जागा झाला तेव्हा दाढी झालेली होती. तो आरशात बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "उद्या आलो तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी तो दोन सहकाऱ्यांना घेऊन आला. त्यांच्यामागून एक शिक्षक आला, एक वकील, एक बसचा कंडक्टर. दिवसभर तोंड वाजवून दमलेली सगळी माणसं. ती यायची, डोळे मिटायची, घोरायची. बाकावर बसलेली मंडळी आपली पाळी येईपर्यंत बसल्या बसल्या पेंगायची. समोरच्या रस्त्यावर दुसरं सलून होतं, तिथे खुर्च्या मोकळ्या असायच्या, तरी माणसं घुम्याच्या एका खुर्चीसाठी थांबायची. गावात हे कुणाला सांगून पटलं नसतं. घुम्यानं कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळी घरी जाताना मात्र तो शीळ घालायचा, असं त्याची बायको सांगते.

आणि मग आप्पा आले. "चार दिवस बघून जातो," म्हणाले. बरोबर ट्रंक होती. चार दिवसांसाठी ट्रंक कोण आणतं, हे सुनेच्या लगेच लक्षात आलं. मुलाच्या नाही.

पहिल्याच दिवशी आप्पा दुकानात येऊन बाकावर बसले. खुर्चीत वकील घोरत होते. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. "गिऱ्हाईक झोपतं तुझ्याकडे?" आपल्या धंद्याची याहून मोठी नाचक्की त्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्यांनी ती दूर करायचं मनावर घेतलं. शेजारी पेंगत असलेल्या कंडक्टरला कोपरानं ढोसून ते म्हणाले, "आमच्या गावात एक जावई होता..."

झालं. आठवड्याभरात दुकानाची पार रया गेली, किंवा दुकान भरभराटीला आलं, ज्याला जसं वाटेल तसं. बाक अपुरा पडू लागला. धोबी इस्त्री तशीच ठेवून येऊन बसायचा. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं दिसू लागली. वकील तर आता झोपेनात, वस्तरा गालावर असताना मान बाकाकडे वळवू लागले, आणि एकदा त्यांचा कान थोडक्यात वाचला. "उरलेलं उद्या," आप्पा म्हणायचे. नुसतं ऐकायला येणारे यायचे आणि ऐकून जायचे. दाढी करून घ्यायची त्यांना आठवण राहत नसे. तक्रारी ऐकणारा माणूस एकदा दारात येऊन उभा राहिला. आतला हास्यकल्लोळ ऐकला आणि तसाच माघारी गेला. घुम्याला ते इतकं लागलं की त्या दिवशी तो जेवला नाही.

"सांगा ना मामंजींना," बायको म्हणाली. "गप्प बसा म्हणून."

घुम्यानं तिच्याकडे बघितलं.

"मी नाही हं सांगणार. तुमचे वडील, तुम्हीच बोला." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि त्यांच्या हनुवटीकडे बघितलंत का?"

त्यानं बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं. हनुवटीवर ओरखडे होते, एक ताजा, बाकीचे सुकलेले, आणि जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा तसाच राहिला होता. आप्पांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाचा वस्तरा गळ्याला लागू दिला नव्हता. या धंद्यातल्या माणसाला वस्तरा काय करू शकतो ते माहीत असतं, म्हणायचे. मुलाच्या हातून तर कधीच नाही. सकाळी ते आतून कडी लावून दाढी करायचे. घुम्याला त्या कडीचा अर्थ आत्ता लागला. बाकावर बसून आप्पा दोन्ही हात मांड्यांखाली का दाबून धरतात, तेही आत्ता कळलं. गावातलं दुकान बंद करून आले होते ते. हाच त्यांचा चार दिवसांचा मुक्काम.

त्या दुपारी जेवणाच्या वेळी दुकान रिकामं होतं. घुम्यानं खुर्ची फडक्यानं झटकली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "बसा."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. उठले आणि येऊन बसले. घुम्यानं खुर्ची मागे कलती केली, फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर फिरवून घेतला आणि गळ्याला लावला. गळ्यावर वस्तरा असला की आप्पासुद्धा बोलू शकत नाहीत. इतक्या वर्षांत हे घुम्याला सुचलं नव्हतं, आणि सुचलं तसं त्याचं तोंड सुटलं.

"आप्पा, मी काम शिकायला आलो नाही इकडे. काम येत होतं मला. तुमच्यामुळे आलो." वस्तरा जबड्याखालून हळूच वर गेला. "गर्दी झाली की तुम्ही लोकांना म्हणायचात, पिशव्या तिकडे ठेवा, पोराच्या खुर्चीवर. मी खुर्चीमागे उभा असायचो, हातात कात्री घेऊन. समोर पिशव्या. त्या उचला म्हणायला मला जमलं नाही, आणि तुम्हाला कधी दिसलं नाही. लहान होतो तेव्हाचं म्हणत नाहीये. गाव सोडलं तोपर्यंत." त्यानं फेस कागदाला पुसला. "इथे लोक माझ्यासाठी थांबायला लागले होते. तुम्ही आलात आणि परत तेच सुरू झालं. फार राग आला मला तुमचा. तुम्ही गावी जा, असं सांगणार होतो. आता तेही सांगवत नाही. हात थरथरतो तुमचा, आणि तुम्ही मला बोलला नाहीत. अख्ख्या गावाच्या गोष्टी सांगता, स्वतःची तेवढी दाबून ठेवता. राहा इथे. पण मला विचारून बोलत जा."

एवढं लांब तो जन्मात कधी बोलला नव्हता. त्यानं वस्तरा बाजूला घेतला आणि उत्तराची वाट बघितली.

आप्पा घोरत होते.

अगदी व्यवस्थित, तालात. घुम्या बघतच राहिला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. एकीकडे जीव भांड्यात पडला, कारण बोललेलं आता परत निस्तरायला नको. दुसरीकडे वाईट वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं. ज्या माणसानं कुणाच्या हातात गळा दिला नाही, तो त्याच्या वस्तऱ्याखाली झोपला होता, आणि हे त्या माणसाला सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात दारात तक्रारी ऐकणारा माणूस आला. दुकानात आवाज नाही हे बघून त्याचा चेहरा उजळला, आणि खुर्ची भरलेली बघून पडला. "वेळ लागेल ना?" तो कुजबुजला. "मी समोर जातो मग."

"थांबा," घुम्या म्हणाला. म्हाताऱ्याला उठवायचं त्याच्या जिवावर आलं आणि गिऱ्हाईक सोडायचंही. मग दुसरं काही सुचेना म्हणून तो अगदी हलक्या आवाजात आप्पांचीच एक जुनी गोष्ट सांगायला लागला. "आमच्या गावात एक शिंपी होता. त्याच्याकडे एक घोडं होतं. सगळ्या गावाचे नवे कपडे शिवून झाले, त्यानं ते घोड्याच्या पाठीवर लादले, आणि घोडं जे उधळलं..."

तो माणूस बाकाच्या कडेला टेकला.

"घोडं नव्हतं," खुर्चीतून आवाज आला. "खेचर होतं."

आप्पांचे डोळे मिटलेलेच होते. घोरणं थांबलं होतं.

घुम्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आप्पा, तुम्ही जागे कधीपासून आहात?"

"तू बोलायला लागलास तेव्हापासून." आप्पांनी डोळे उघडले नाहीत. जबड्याखालून त्यांनी एकदा हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "पिशव्या ठेवायला सांगायला नको होतं मी."

बाकावरच्या माणसाला यातलं काही कळलं नाही. तो पुढे वाकून म्हणाला, "मग? उधळलं, पुढे?"

"सांग त्यांना," आप्पा म्हणाले. "थांबलेत ते तुझ्यासाठी."

घुम्यानं एकदा घसा साफ केला आणि पुढचं सांगितलं. खेचराचंच सांगितलं.