अर्धी फुली

"एकोणीस," असं पुटपुटून वॉटकिन बायननने हातातल्या चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

"दोनदा मोजल्यास," शेजारी बसलेला अध्यक्ष इनॉक प्रॉसर म्हणाला. "आता त्या कमी व्हायच्या नाहीत. वाच."

वॉटकिन उभा राहिला. खाणकामगारांच्या वाचनालयात एकतीस माणसं बसली होती आणि कोणी खोकत नव्हतं. कोळसा खाणीच्या आमच्या पॉन्टवेर्न गावात एवढी माणसं जमावीत आणि कोणी खोकू नये, असं सहसा होत नाही.

"मॉर्विथ बायनन, एकोणीस," त्याने वाचलं. "वॉटकिन बायनन, बारा."

मग खाली बसून त्याने तेच मजूर पक्षाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. वॉर्डाचा चिटणीस तोच होता. चौदा वर्षं तोच होता. आणि मॉर्विथ त्याची बायको होती.

दोष द्यायचा तर त्याने स्वतःलाच द्यायला हवा होता. चौतीस सालचा तो फेब्रुवारी. नगर कौन्सिलात वरच्या वॉर्डाची एक जागा मोकळी होणार होती आणि पक्षाची उमेदवारी वॉटकिनची, असं सगळेच धरून चालले होते. तो खाणीवरच्या दिवेघरात कामाला होता. खाली उतरणाऱ्यांना खिडकीतून दिवे द्यायचे, पाळी सुटली की परत घ्यायचे, आणि उरलेल्या वेळात कौन्सिलचे नियम वाचायचे. गटार कोणाच्या अखत्यारीत, नळ कोणाच्या, कुठल्या कलमाखाली काय मागता येतं, सगळं त्याला तोंडपाठ. त्या दिवशी सभेत बायकांच्या शाखेने ध्यानीमनी नसताना मॉर्विथचं नाव पुढे केलं. ती गडबडून उठली आणि म्हणाली, "छे, भलतंच काय. वॉटकिन आहे की."

तेव्हा वॉटकिनच हसून म्हणाला, "असू दे, असू दे. होऊ दे मतदान. लोकशाही आहे."

त्याला वाटलं होतं, तिला चार मतं पडतील आणि आपण मोठ्या मनाचे ठरू.

चढ चढून दोघं घरी आले. दार लावून घेतल्यावर मॉर्विथ म्हणाली, "मी नाव मागे घेते. उद्याच इनॉकला सांगते."

"म्हणजे मीच घ्यायला लावलं म्हणतील."

"मग काय करू म्हणतोस?"

"उभी राहा. तुझा निवडणूक एजंट मी होईन. तुला कागदपत्रांतलं काय कळतंय?"

"काहीच नाही कळत," ती म्हणाली. "म्हणून तर तू हवास."

हे ती अगदी मनापासून बोलली, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

मॉर्विथला कागदपत्रांतलं कळत नव्हतं, पण कोणाच्या धुराड्यातून धूर निघत नाही ते कळत होतं. सव्वीस सालच्या खाणसंपात चॅपेलच्या तळघरात तिने सात महिने सूप शिजवलं होतं. आमच्या चढावरच्या गल्ल्यांत मूल यायचं झालं की तिलाच हाक, आणि माणूस गेलं की धुऊन नीट ठेवायलाही तीच. बाळंतिणींसाठी गावात एक दवाखाना हवा, एवढी एकच मागणी तिची होती. समोर उमेदवार होते कापडाचे व्यापारी सेप्टिमस हॅरिस. चॅपेलचे पंच, सोन्याच्या साखळीचं घड्याळ, आणि करवाढीच्या नावाने कायम कपाळाला आठ्या.

सहा आठवडे वॉटकिन मतदारांच्या याद्या घेऊन दारोदार फिरला. दार उघडलं की घरची बाई त्याच्या खांद्यावरून मागे बघायची.

"मॉर्विथ नाही आली?"

"मी तिच्याच वतीने आलोय."

"हो, पण ती कधी येईल?"

तिच्यासाठी तो रात्र पडायच्या आत भाषणं लिहून ठेवायचा, आकड्यांसकट. ती ते कागद नीट घडी करून खिशात घालायची आणि सभेत खिशाला हातही न लावता बोलायची. एकदा चॅपेलच्या दालनात हॅरिसच्या माणसाने विचारलं, "बाई, तुम्ही कौन्सिलात बसल्यावर घरचा स्वयंपाक कोण करणार?"

"तो बघा माझा नवरा, तिसऱ्या बाकावर," मॉर्विथ म्हणाली. "उपाशी दिसतोय का?"

दालन खदखदून हसलं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. वॉटकिनही हसला, आणि पोटावर हात फिरवून त्याने लोकांना आणखी हसवलं. त्या रात्री तो जेवला नाही. भूक नाही म्हणाला.

बायकांनी तिच्यासाठी एक निळी टोपी शोधून आणली, कोणाच्या तरी बहिणीची, तिला नवी फीत लावून. त्या टोपीत मॉर्विथ सुरेख दिसायची. पंचवीस वर्षांच्या संसारात आपल्याला हे दिसलं नाही आणि आता अख्ख्या वॉर्डाला दिसतंय, या विचाराने वॉटकिन तिच्याकडे बघायचंच टाळायचा. परक्या पुरुषाचा संशय आला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे भांडायचं कोणाशी? आठशे मतदारांशी?

आमच्याकडे निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं डेव्हिस, म्हणून माणूस कामावरूनच ओळखला जातो. वॉटकिनला सगळे 'दिवे वॉटकिन' म्हणत. मार्चच्या मध्यावर रीस नावाच्या एका कोळसा फोडणाऱ्याने दिवेघराच्या खिडकीत आपला नंबराचा बिल्ला ठेवला आणि म्हणाला, "मॉर्विथच्या, माझा दिवा दे रे. की बाईंना विचारून देतोस?"

मागची रांग हसली. आठवड्याभरात ते नाव खाणीच्या तळापर्यंत पोचलं. मॉर्विथचा वॉटकिन.

मतदान सोमवारी होतं, शिशुशाळेत. वॉटकिनने सकाळपासून याद्यांवर खुणा केल्या, म्हाताऱ्यांना आणायला कोळसेवाल्याची गाडी पाठवली, दोन भांडणं मिटवली. कामात त्याने कसूर केली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. चार वाजता तो स्वतः मत द्यायला आत गेला.

आडोशाला फळीवर दोरीने बांधलेली पेन्सिल होती. कागदावर दोन नावं. वरचं बायनन, मॉर्विथ. खालचं हॅरिस, सेप्टिमस. वॉटकिन पहिल्या नावाकडे बघत राहिला. चौदा वर्षं दर निवडणुकीला इथे उभं राहून त्याने मनातल्या मनात आपलं नाव या जागी वाचलं होतं. आडनाव बरोबर आलं होतं. पुढचंच चुकलं होतं.

मत म्हणजे नावापुढे दोन रेघांची फुली. त्याने त्या पहिल्या नावापुढच्या चौकटीत एक तिरपी रेघ ओढली. दुसरी ओढायला पेन्सिल टेकवली आणि हात तिथेच थांबला. दालनातलं हसू त्याला आठवलं, रीसची खिडकीतली मान आठवली, ती निळी टोपी आठवली. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कोणीतरी पाय आपटले. वॉटकिनने कागदाची घडी केली आणि पेटीत टाकली.

फाटकाशी मॉर्विथ शेजारच्या मिसेस प्यूंच्या आंधळ्या आईला हाताला धरून आणत होती.

"दिलंस?" तिने विचारलं.

"दिलं," तो म्हणाला.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलच्या कचेरीत झाली. एका बाजूला हॅरिस आणि त्यांचा एजंट, दुसऱ्या बाजूला मॉर्विथ आणि वॉटकिन, मधे निवडणूक अधिकारी म्हणून कौन्सिलचे मुख्य कारकून मिस्टर वॉन. हे वॉन म्हणजे अतिशय सावकाश माणूस; चहासुद्धा नियम बघून पितील असे. साडेअकराला त्यांनी आकडे सांगितले. दोघांना चारशे अकरा, चारशे अकरा. शिवाय तीन कागद शंकेचे.

पहिल्यावर दोन्ही नावांपुढे फुल्या होत्या. तो बाद. दुसऱ्यावर कोणीतरी सही केली होती. तोही बाद. तिसरा कागद वॉनांनी टेबलाच्या मधोमध ठेवला. वरच्या चौकटीत एकच तिरपी रेघ होती, आणि तिच्या शेजारी पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका.

"फुली नाही ही," हॅरिस लगेच म्हणाले. "बाद करा."

"मिस्टर बायनन, तुमचं म्हणणं?" वॉनांनी विचारलं.

वॉटकिनला तो नियम पाठ होता. खूण कशीही असो, मतदाराचा कल स्पष्ट दिसला की मत धरायचं. शेजारून मॉर्विथ वाकून कागद बघत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा आठवडे त्याने तिच्यासमोर याद्यांवर खुणा केल्या होत्या, अशाच खालून वर ओढलेल्या, टोकाला दाबलेल्या रेघा. तिने ती रेघ ओळखली. ती सरळ झाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

"धरायला हवं," वॉटकिन म्हणाला. "कल दिसतोय."

"कसला कल?" हॅरिस म्हणाले. "माणसाने सुरुवात केली आणि त्याचं मन बदललं. ठिपका बघा ना. थांबलाय तो. त्याला बाईंना मत द्यायचं नव्हतं. अहो वॉटकिन, तुम्ही सज्जन आहात, तुम्हीच सांगा, दिसतंय की नाही?"

माणूस अगदी बरोबर बोलत होता. वॉटकिनने दोन्ही हात टेबलावर टेकले.

"त्याला द्यायचं होतं," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझंच आहे ते."

हॅरिसच्या एजंटने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मॉर्विथ खिडकीतून वळली नाही.

"आधी द्यायचं होतं," वॉटकिन पुढे म्हणाला, "मग नको वाटलं. टाकताना मात्र खोडावं असं वाटलं नाही. खोडता आलं असतं. तिचं मत आहे ते."

मिस्टर वॉनांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मतदान गुप्त असतं, मिस्टर बायनन," ते म्हणाले. "या खोलीत कुठल्याही कागदाला मालक नाही. तुम्ही आत्ता काय बोललात ते मी ऐकलेलं नाही, आणि कोणीच ऐकलेलं नाही." मग कागद उचलून त्यांनी उजेडात धरला. बराच वेळ. "खूण एका चौकटीत आहे. दुसरी चौकट कोरी आहे. मी हे मत धरतो. बायनन, चारशे बारा."

हॅरिसनी फेरमोजणी मागितली. आकडे तेच आले.

कोणीच ऐकलं नव्हतं, तरी दुपारचे दोन वाजायच्या आत अख्ख्या गावाने ऐकलं होतं. मॉर्विथने कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून लोकांचे आभार मानले. दवाखान्याचं बोलली, म्हाताऱ्यांना मतदानाला शाळेच्या पायऱ्या चढायला लागल्या त्याबद्दल माफी मागितली. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. एरवी प्रत्येक सभेत शेवटी घ्यायची.

घरी आल्यावर तिने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"का थांबलास?"

"तिथे माझं नाव असायला हवं होतं, असं वाटलं."

"मला सांगितलं असतंस तर मी मागे सरले असते. पहिल्याच दिवशी म्हणाले होते ना."

"म्हणून तर नाही सांगितलं."

मॉर्विथ खुर्चीवर बसली. रडेल असं त्याला वाटलं, पण ती नुसतीच दमलेली दिसत होती.

"तू उभा राहिला असतास," ती म्हणाली, "तर मी दोन्ही रेघा ओढल्या असत्या, वॉटकिन. चार ओढल्या असत्या."

"माहीत आहे."

"तेच तर," ती म्हणाली, आणि उठून किटली चुलीवर ठेवली.

खिडकीतल्या रांगेला नवं नाव मिळालं. 'अर्धी फुली'. वॉटकिन दिवा देताना मान वर करायचा नाही, पण एक दिवससुद्धा त्याने रजा घेतली नाही. रीस मात्र पुढच्या आठवड्यात बिल्ला ठेवताना हळूच म्हणाला, "हॅरिससमोर बोलायला छाती लागते. मला नसतं जमलं." वॉटकिनने त्याला दिवा दिला आणि म्हणाला, "पुढचा."

मत्सर गेला असं समजू नका. तो इतक्या सहज जात नाही. शनिवारी सकाळी त्यांच्या घराबाहेर माणसं जमू लागली. कोणाचा नळ फुटलेला, कोणाच्या छपरातून पाणी, कोणाचा भत्ता अडकलेला. मॉर्विथ त्यांना पुढच्या खोलीत बसवायची. ती खोली आमच्याकडे पाद्री आणि शवपेटी यांच्यासाठी राखलेली असते. त्या पहिल्या शनिवारी वॉटकिन स्वयंपाकघरात होता. पलीकडून तिचा आवाज येत होता, मग हसणं, मग परत तिचा आवाज. एका बाईला ती नळाबद्दल कुठे अर्ज करायचा ते सांगत होती आणि चुकीचं सांगत होती. ते खातं दुसरंच होतं हे वॉटकिनला ठाऊक होतं.

त्याने ट्रेमध्ये पाच कप लावले, चहा ओतला, कडेला लोणी लावलेल्या पावाचे तुकडे ठेवले. एका कोऱ्या चिठ्ठीवर बरोबर खात्याचं नाव लिहून ती मॉर्विथच्या बशीखाली सरकवली. मग ट्रे घेऊन तो पुढच्या खोलीच्या दाराशी आला. हे दार त्याने पंचवीस वर्षं कोपराने ढकलून उघडलं होतं.

आत ती बोलत होती. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तो थांबला. मग ट्रे एका हातावर तोलून धरत त्याने दारावर दोनदा टकटक केलं, आणि "ये" अशी हाक येईपर्यंत तिथेच उभा राहिला.