करवतकाठीच्या पाटीवरचं नाव

मी करवतकाठी साडी बोलतेय, आणि आधी तक्रार करणार आहे. मला तुळजाबाईनं विणलं. तिनं हे वस्तीत सांगून पाहिलं, नात्यात सांगून पाहिलं, मागच्या महिन्यात तर कलासंग्रहालयाच्या साहेबाला तोंडावर सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. माझं सोडा, कापडाला कोण विचारतो? पण ती धडधाकट बाई आहे, तोंड असलेली आणि ते वापरणारी. तरी नाही.

माझा जन्म त्रेपन्न सालचा, नागपुरातला, पाचपावलीकडच्या विणकरांच्या वस्तीतला. तिथला कायदा साधा. पुरुषानं मागावर बसायचं, बाईनं कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. दिवसभर भरा, संध्याकाळी रिकाम्या. तुळजाबाई कांड्या भरता भरता नवऱ्याचे, देवाजी धकात्यांचे हात बघायची. बारा वर्षं बघितले. बघून काम येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी नीट बघितलेलंच नसतं.

काटोलला रुपराव म्हणून संत्र्यांचे बागाईतदार होते. घरात येणाऱ्या सुनेसाठी त्यांनी मला विणायला सांगितलं. अंग कोशाच्या रेशमाचं, काठ लाल, काठाला करवतीसारखे दात. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढला आणि देवाजी सायकलवरून पडला. उजवा हात मोडला. प्लास्टर दीड महिन्याचं, लग्न पाच आठवड्यांवर.

"आता कसं होईन वं?" देवाजी म्हणाला.

"मी विणन."

"बायको मागावर बसली तं वस्तीत तोंड कसं दाखवू मी?"

"मंग दार लावून घ्या. तुमचं तोंड अंदर अन् मी बी अंदर."

दार लावून मी विणली गेले. तीन धोटे, दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक. दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा, एकही सुटता कामा नये. पहिले चार दिवस देवाजी खाटेवरून ओरडत होता. पाचव्या दिवशी गप्प झाला. गप्प झाला म्हणजे चुका सापडेनात. शाब्बास मात्र म्हणाला नाही. ती रीत त्या घरात नव्हती.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा तिनं मला मागावरून उतरवलं. देवाजीनं प्लास्टर आवरत मला डाव्या हातानं घडी घातली, घडीत आपल्या नावाची चिठ्ठी ठेवली आणि काटोलची बस धरली. तुळजाबाईनं सार्वजनिक नळावर जावेला सांगितलं, "ते साडी म्या विणली."

जाऊ म्हणाली, "हो वं. अन् काल म्या रेल्वे चालवली."

सगळ्या बाया हसल्या. झालं.

काटोलला रुपरावांच्या सुनेनं, प्रेमिलाबाईनं, मला सतरा-अठरा वेळा नेसलं असेल. लग्नांत बाया एक गोष्ट करतात, ते मी चांगलं ओळखून आहे. बोलायचं मुलांबद्दल आणि बोटांत पकडायचा दुसरीचा पदर. कापड ओळखलं की मगच आवाज बदलतो. माझ्यामुळे प्रेमिलाबाईला पहिल्या पंगतीत जागा मिळायची. पुढं नायलॉन आलं, टेरिलिन आलं, धुतलं की तासात वाळणारं. मी पेटीत गेले. डांबराच्या गोळ्या, अंधार, आणि वर्षातून एकदा ऊन. तक्रार नाही. प्रेमिलाबाईनं मला कधी फाडून दुपटी केली नाही, एवढं बोलायलाच हवं.

चौऱ्याहत्तर साल संपताना शहरातल्या कलासंग्रहालयानं वर्तमानपत्रात छापलं, जुनं विणकाम असेल तर द्या. प्रेमिलाबाईनं दिलं. अशी मी इथं आले.

संग्रहपाल मधुकरराव. शहाणा माणूस, स्वच्छ कपडे, पेनाला टोपण लावल्याशिवाय बोलत नाही. मी आले तेव्हा ते येत्या वर्षाची प्रदर्शनं ठरवत होते आणि टंकलेखकाला सांगत होते. जानेवारीत जुनी छोटी चित्रं. मार्चमध्ये मूर्तींचे फोटो. मे महिन्यात काही नाही, कारण उकाड्यानं भिंतीसुद्धा दमतात. जुलै-ऑगस्टला विदर्भाचं विणकाम. दिवाळीला शहरातले नामवंत चित्रकार. पावसाळ्यात माणूस फिरकत नाही, म्हणून तो आम्हाला. चित्रकारांना थंडी. मी टेबलावर पडून सगळं ऐकलं.

वर्षाच्या कार्यक्रमाची पत्रिका शुक्रवारी छापायला जायची होती. विणकामाच्या पानावर फोटो माझा. फोटोखाली आणि पुढं काचेजवळच्या पाटीवर विणणाऱ्याचं नाव. घडीतली चिठ्ठी प्रेमिलाबाईनं जपून ठेवली होतीच. मधुकररावांनी देवाजीला पत्र पाठवून बुधवारी बोलावलं. तुळजाबाई न बोलावता आली.

एकवीस वर्षांनी मी तिला पाहिलं. केस पिकले होते. चालणं तेच, दार ढकलून आल्यासारखं.

मधुकरराव म्हणाले, "या, धकाते. तुमचं नाव छापतोय आम्ही. पूर्ण नाव सांगा."

देवाजी छाती काढून सांगू लागला. तुळजाबाईनं मधेच तोडलं.

"साहेब, हे साडी म्या विणली हाय. याइचा हात मोडला होता तवा."

मधुकररावांनी टोपण लावलं. हसले. वाईट हसले नाहीत, शाळेतले गुरुजी हसतात तसे. "बाई, तुम्ही कांड्या भरल्या असतील. तेही मोठंच काम आहे."

"कांड्या तं भरल्याच. अन् विणली बी."

"काय हो, धकाते?"

देवाजी वर पंख्याकडं बघत म्हणाला, "बायकाइचं काय साहेब. साथ असतेच त्याइची."

मला वाटलं उठावं आणि याच्या गळ्याभोवती नऊ वार गुंडाळावेत. पण कापडाला ते जमत नाही.

तुळजाबाई खुर्चीवर बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं. "नाव माह्यं लागन," ती म्हणाली. "पैशे नोको, हार नोको. नाव लागन. नाही तं मी शुक्रवारपर्यंत इथंच बसन."

मधुकररावांनी विषय टाळायला मला टेबलभर उलगडलं. "एकदा नीट तपासून घ्या, धकाते. दोष असला तर आम्हाला नोंदवावा लागतो. नियम आहे."

देवाजीनं चष्मा लावला. विणकर काठ डोळ्यांनी बघत नाही, अंगठ्यानं बघतो. त्याचा अंगठा दातांवरून सरकत गेला. आणि थांबला.

मला ठाऊक होतं तो कुठं थांबणार. माझ्या काठात दात चढताना आठ धागे, उतरताना आठ. त्या एका जागी पाचच चढलेत आणि मग उतरायला लागलेत. एक दात बुटका राहिला. एकवीस वर्षांत कुणाला दिसला नाही, आणि मी कशाला दाखवू?

"हे माह्यं काम नोहे!" देवाजी ओरडला. "माह्या हातून दात कधी कमी होत नाही. उभ्या वस्तीले विचारा, साहेब!"

"चिठ्ठीवर तर तुमचंच नाव आहे."

"असन. पण असा दात मी विणत नाही. लोक पाहतीन, हसतीन मले."

तुळजाबाई उठली. तिनं तिथं बोट ठेवलं आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला, हरवलेलं काही हाताला लागावं तसा.

"पाणी आलं होतं," ती म्हणाली.

"कुठं?"

"नळाले, साहेब. पाच धागे झाले अन् बाहेर बोंब उठली, पाणी आलं, पाणी आलं. मी धोटा टाकून पाण्याचा गुंड घेऊन पळाली. वापस येऊन बसली तं वाटलं, चढून झालं. उतरवाले लागली." मग ती देवाजीकडं वळली. "तुमी कधी उठले जी मागावरून, नळासाठी?"

"मी काहून उठन?"

"तेच सांगून राहिली मी साहेबाले."

मधुकररावांनी त्या दाताचे धागे स्वतः मोजले. पाच. खालच्या दाताचे मोजले, आठ. त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. शहाण्या माणसाला पटलं तरी त्याच्या कागदाला पटावं लागतं. कागदाजवळ चिठ्ठी होती. शेवटी ते म्हणाले, "मी कारागीर म्हणून 'धकाते घराणं' लिहितो. घराण्यात बाई, तुम्हीही आल्या."

"घराणं नळावर गेलं नव्हतं," तुळजाबाई म्हणाली. पण त्यांनी पाटीच्या मजकुरात तेच लिहिलं. खाली लिहिलं, 'दोष: काठात एक दात अपुरा.' आणि टोपण लावू लागले.

तेव्हा देवाजी घाबरला. "थांबा साहेब! घराणं म्हटलं तं लोक माह्यंच नाव घेतीन. दोष माह्यावर येईन. इचं नाव लिहा तिथं. पुऱ्या नावानं लिहा, मोठ्या अक्षरात!"

"दोषाजवळ?"

"हो. दोष इचाच हाय. पाच आठवडे इनंच विणली, मंग दोष कोणाचा राहीन?"

त्याच्या तोंडून ते निघून गेलं आणि त्याला कळलंही नाही. तुळजाबाई पेनाकडं बघत होती, भात शिजतोय का बघतात तशी.

"चालेल तुम्हाला, बाई? असं नाव?"

"लिहा," ती म्हणाली. "मले वाचून दाखवा."

त्यांनी वाचून दाखवलं. तिनं चार वर्षांची शाळा केली होती, म्हणून आपणही एकदा अक्षर जोडून वाचलं. मग पदर खोचला आणि नवऱ्याच्या पुढं चालत निघून गेली.

पत्रिका छापून आली. पत्रिकेत दोष छापत नाहीत, म्हणून त्यात फक्त 'धकाते घराणं' आहे. फोटोत मी रुमालाएवढी दिसते. आता मी कोठारात मलमलीत गुंडाळून पडले आहे, कडुलिंबाच्या पाल्यात. जानेवारीची चित्रं वर लागली आहेत, लोकांचे पाय ऐकू येतात. माझी पाळी जुलैत.

तेवढं एक मागते. पाऊस असला तरी या. छत्री दाराशी ठेवा. काचेत मला बघून पुढं सरकू नका, सगळे तसंच करतात. माझी पाटी खाली, गुडघ्याच्या उंचीला लागणार आहे, वाकावं लागेल. वाका. कोसा कुठला, काठ कसला, सगळं वाचा, आणि घराण्याशी थांबू नका. त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे, एका चुकीची, आणि ती कोणी केली त्याची. देवाजीच्या हट्टानं मोठ्या अक्षरात लिहिलेली. तुळजाबाई देवाजी धकाते.