फुटलेलं माप

"अगं, खिडकी फोड, दार फोड, मनात आलं तर अख्खं घर फोड! पण माप फोडू नकोस, पोरी. फुटलेलं माप दिसायला जिवंत आणि आतून गेलेलं."

नऊ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, तिच्या खुर्चीमागे उभं राहून अण्णा म्हणाले होते. आवाज जाडाभरडा, पण मायेचा. नकाशे काढणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात अण्णा सगळ्यांत जुने. शाईने, कागदावर रेघ ओढायच्या काळातले. कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशीत पुन्हा मुळाक्षरं गिरवावीत तसे ते शिकले, आणि मग तिला हाताला धरून शिकवलं.

स्क्रीनवरचं दार म्हणजे चारदोन रेषांची मोट. मोट फोडली की रेषा सुट्या होतात. हवी ती उचलावी, नको ती पुसावी. मापाचंही तसंच. दोन बाण, एक रेषा आणि मधला आकडा एकत्र नांदतात. भिंत सरकली की आकडा आपणहून बदलतो. माप फोडलं की मात्र आकडा पोरका होतो. भिंत कुठंही जावो, तो आपला जुनंच गाणं गात बसतो.

हे ठाऊक असूनही दोन महिन्यांपूर्वी तिने एक माप फोडलं होतं. वाचनालयाच्या जिन्याचा नकाशा. जिन्याच्या जागेची रुंदी, दीडशे सेंटिमीटर. तो आकडा नेमका एका रेषेवर चढून बसलेला, वाचता येईना. न फोडता सरकवायची रीत होती, पण नकाशा पाच मिनिटांत पाठवायचा होता. तिने माप फोडलं, आकडा उचलून मोकळ्या जागी ठेवला. छान दिसला. नंतर नीट करू, म्हणाली. ते नंतर काही उगवलं नाही.

पुढच्या आठवड्यात नळांना जागा हवी म्हणून अण्णांनी तिथली भिंत दहा सेंटिमीटर आत घेतली. शेजारची सगळी मापं भराभर बदलली. दीडशे तेवढे दीडशेच राहिले.

आणि आज सकाळी लोखंडी जिना बनवणाऱ्याचा फोन आला. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी स्पीकर लावला.

"बाई, जिना आत जायला तयार नाही हो! रुसलेल्या पाहुण्यासारखा दारातच बसलाय. भिंतींमध्ये जागा एकशेचाळीस, अन् तुमच्या कागदावर दीडशे. आता पाहुण्याचं पोट कापू का?"

कुणी हसलं नाही. फोन ठेवून मॅडम अण्णांकडे वळल्या. अण्णा आधीच उभे राहिले होते.

"भिंत मी हलवली. आकडा बघायचं काम माझंच," ते म्हणाले. "बघितलाही असेन. हल्ली तिनाचा आठ होतो, आठाचा तीन. पन्नासाचे चाळीस दिसले असतील, दुसरं काय!"

"अण्णा, तुम्हाला बोलायला मला जड जातंय," मॅडम म्हणाल्या, "पण उद्यापासून नकाशे नकोत. तुमचं टेबल हिच्याकडे देऊ." मग तिच्याकडे बघून, "तू तेवढा आकडा दुरुस्त कर आणि नकाशा लगेच पाठव."

तिने नकाशा उघडला. जिवंत मापावर क्लिक केलं की बाण, रेषा, आकडा सगळं एकदम उजळतं. तिने दीडशेवर क्लिक केलं. आकडा उजळला. एकटाच. बाण आणि रेषा अंधारात, ओळख नसल्यासारख्या.

आता हा पुसायचा. त्या जागी नवं माप टाकायचं. दोन क्षणांचं काम, मग जगात कुणाला कळणार नव्हतं. तिचं बोट बटणावर टेकलं. नऊ वर्षं जे टेबल लांबून बघितलं, खिडकीजवळचं, ते उद्या तिचं होणार होतं.

मागे ड्रॉवर करकरला. अण्णा आपला पसारा आवरत होते. भिंग, खोडरबराचा तुकडा, चष्म्याच्या दोन रिकाम्या पेट्या. भिंग त्यांनी डोळ्याशी धरलं, स्वतःचा तळहात न्याहाळला आणि मान हलवली. चोराला पकडावं तसे ते आपल्याच डोळ्यांना पकडत होते.

मग तिच्याजवळ आले. हातात त्यांची जुनी लाकडी मोजपट्टी, कडा झिजून गुळगुळीत झालेली.

"ही तू ठेव गं. माझ्या काय कामाची आता? आणि तोंड पाडू नकोस. तुला तयार केलंय मी, ऑफिसाचं काही अडत नाही."

तिने पट्टी घेतली नाही. बटणावरचं बोट उचललं.

"अण्णा, बसा इथे. या दीडशेवर क्लिक करा."

"मला कुठं दिसतंय..."

"दिसतंय. करा तुम्ही."

अण्णा बसले, क्लिक केलं. आकडा उजळला. ते पुढे वाकले, पुन्हा क्लिक केलं. मग शेजारच्या मापावर करून पाहिलं. ते अख्खं उजळलं.

"हे फोडलेलं आहे," ते म्हणाले. "हे बदललंच नसतं. कुणी..."

आणि थांबले. प्रश्न पुरा करायची त्यांची छाती होईना.

ती उभी राहिली. आतल्या खोलीत गेलेल्या मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"तुमचे डोळे ठीक आहेत, अण्णा. माप मी फोडलं."