मखमलीखालची बोटं

"मागे सरा! फाईलला यायला वाट द्या!"

पुस्तकांची अक्षरजुळणी करणारं आमचं ऑफिस. सगळे खुर्च्या सोडून एका संगणकाभोवती उभे. फाईलला नेमकी किती वाट लागते हे ठाऊक नसल्यानं आम्ही पार भिंतीपर्यंत सरलो. मालकांनी बोलावलेल्या संगणकबाबांनी कीबोर्डवर काळं मखमली कापड पसरलं, हात त्याखाली घातले आणि डोळे मिटले.

"या यंत्रात जीव आहे. तो दुखावला की फाईल गिळतो. ये, बाळा, ये!"

आणि हरवलेली फाईल पडद्यावर हजर! मालकांनी हात जोडले. बाइंडरनं तर थेट संगणकालाच नमस्कार केला.

मी मुद्रितं तपासतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. विचारलं, "बाबा, कापड कशाला?"

"जिवाला उजेड सोसत नाही."

समोरचा पडदा उजेडच ओकत होता, पण असो.

बाबांचा नियम एकच. फाईल गेली की कशालाही हात लावायचा नाही, सरळ त्यांना फोन. मागे कुणीतरी आगाऊपणे शोधाशोध केली आणि दोन पुस्तकं कायमची गेली, म्हणे.

आज बाबांनी पुढचं पाऊल टाकलं. "फायली एकाच माणसाच्या हातून जातात." त्यांनी टंकलेखन करणाऱ्या ताईंकडे बोट केलं. "माऊस डाव्या हातात! घरातलंही एक माणूस असंच गेलं ना?"

ताईंचे यजमान गेल्या वर्षी वारले. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मालक जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, उद्यापासून... नका येऊ."

"थांब रे जरा," मागून आवाज आला. मालकांची आत्या. विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. हरवलेली फाईल त्यांच्याच पुस्तकाची, म्हणून त्या आल्या होत्या. "ताई, नेहमीसारखी उघडा बरं ती फाईल."

"नको हो. परत जाईल."

"जाऊ दे. माझंच पुस्तक आहे."

ताईंनी फाईलवर बाण नेला, बटण दाबलं. बोट उचलायच्या आत त्यांचा हात किंचित उजवीकडे गेला. फाईल गायब!

"बघा!" म्हणत बाबांनी हात कापडाखाली घातले.

"कापड बाजूला करा," आत्या म्हणाल्या.

"जीव कोपेल!"

"कोपू दे. माझ्यावर पुष्कळ पालक कोपलेत." त्यांनी कापड उचललं. "रुमालाखाली हात घालणारी पोरं जन्मभर पकडलीत मी. कंट्रोल आणि झेड! अहो, घरी मीही दाबते की!"

त्यांनी त्या दोन कळा दाबल्या. फाईल आली. 'बाळा' न म्हणताच आली.

"बटण दाबून धरलं आणि हात सरकला की फाईल सोबत सरकते," आत्यांनी समजावलं. "शेजारच्या फोल्डरवर बोट उचललं की आत पडते. ताईंचा जन्म टाइपरायटरवर गेला. ओळ संपली की डाव्या हातानं दांडा उजवीकडे ढकलायचा. तो हात अजून ढकलतोय. आणि या कळा शेवटचं काम उलटं फिरवतात. मध्ये दुसरं काही केलं तर त्या तेच उलटवणार, म्हणून यांचं 'हात लावू नका'!"

आत्यांनी शेजारचं फोल्डर उघडलं. 'छापून झालेली'. कायमची गेलेली दोन पुस्तकं तिथं सुखात होती.

बाबा "मी तर निमित्तमात्र" असं पुटपुटत जिना उतरले.

मालक म्हणाले, "ताई, झालं गेलं सोडा. उद्या या."

"माझ्या माणसाचं मरण माझ्या हातावर घातलं, ते सगळ्यांसमोर ऐकून घेतलंत तुम्ही," ताई म्हणाल्या. "आता सगळ्यांसमोर बोला."

मालकांनी जमिनीवरची नजर वर उचलली. "तुमच्या हातात काही दोष नाही. माझं चुकलं, ताई."

तेव्हा कुठे ताईंना रडू फुटलं. इतका वेळ त्या ताठ उभ्या होत्या.

मंडळी, फाईल हरवली तर शेजारी बघा, शोधा, जाणत्याला विचारा. तरी उलगडा झाला नाही, तर "मला कळत नाही" एवढंच म्हणा. तसं म्हटल्यानं कुणाची नोकरी जात नाही.