प्रेमानंदकडे ठेवलेला राजपाल

तेरमध्ये कुणाच्या घरातलं माणूस गेलं की त्याचा फोटो प्रेमानंदच्या दुकानात राहायला यायचा. लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा तो मोठा करायचा, चुरगळलेली कॉलर सरळ करायचा. एक प्रत भिंतीवर जायची. बाकी सगळ्याला लोक म्हणायचे, "राहू दे तुझ्याकडंच, घरी उंदरं खात्यात." मग वर्षश्राद्धाला, पुण्यानुमोदनाला बॅनर करायला लोक पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

हे काम तो ज्या सॉफ्टवेअरवर करायचा, ते त्यानं पुण्याहून रोख विकत आणलं होतं. आपली वस्तू, आपण वापरू, एवढी साधी गोष्ट. कंपनीला ती बघवेना. जुनं बंद, आता महिन्याला भाडं भरा, फायली आमच्याकडे ठेवा, सुरक्षित राहतील. म्हणजे आपल्याच घरात भाडेकरू व्हायचं! प्रेमानंदनं मनसोक्त शिव्या घातल्या आणि भाडं भरलं. न भरून करतो काय? वर, फायली सुरक्षित आहेत म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात घातला. हा शहाणपणा त्याला नडला.

यंदा तेरणा नदीचा पूर दुकानात शिरला. चिखल काढण्यात महिने गेले, भाडं भरायचं राहून गेलं.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा बनाबाई आल्या. त्यांचा मुलगा राजपाल ऐन पंचविशीत गेलेला.

"जयभीम, प्रेमा. घरातलं समदं गेलं बघ. राजपालचा फोटोबी गेला. पर तुझ्याकडं हाय, म्हणून म्या रडले न्हाय."

"बसा, मावशी." प्रेमानंदनं राहिलेलं भाडं भरलं. पडद्यावर कंपनीनं त्याचं नाव घेऊन गोड स्वागत केलं. खाली एकही फाईल नव्हती. मुदतीत भाडं न आल्यानं काढून टाकल्या, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. त्यानं पेनड्राइव्ह धुंडाळले, मोबाइल चाळला. ज्याच्या लग्नातला तो मूळ फोटो, त्याला फोन केला. त्याचंही घर नदीकाठचंच.

"न्हाय राहिला, मावशी. कंपनीनं पुसला."

"कसली कंपनी? माझ्या लेकरानं त्यांचं काय केलं हुतं?"

प्रेमानंदला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

बनाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "बरं, तू तर दिवसदिवस त्याच्या तोंडावर काम केलंस. सांग, तीळ डाव्या भुवईवर हुता का उजव्या? रोज फोटो बघायची, म्हणून म्या ध्यानात ठेवलंच न्हाय. आता आठवंना झालंय रं."

प्रेमानंदनं डोळे मिटले. एवढे चेहरे हाताखालून गेले होते. राजपालचा काही केल्या समोर येईना.

"डाव्या," तो म्हणाला.

"व्हय, डाव्याच," बनाबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत घराकडे निघाल्या.