सात घरांचे सामान

एतेल्विनाने सुरी मशीनच्या बुडाखाली घातली आणि जोर लावला. पाते वाकले, स्क्रू हलला नाही. नऊ वर्षे तेल न लागलेले ते शिलाई मशीन लाकडी पाटाला गंजून चिकटले होते. छपरावर राख पडत होती. तिचा आवाज पावसासारखा नव्हता; वर बसून कोणीतरी सारखा रवा चाळत असावे, तसा होता. दुपारचे अडीच वाजले होते आणि खोलीत कंदील लावावा लागला होता.

अर्सेनिओ दारात येऊन उभा राहिला. त्याचे गाठोडे केव्हाच बांधून झाले होते. दोन घोंगड्या, भाजलेल्या जवाचे पीठ, रेडिओ आणि बियाण्याच्या बटाट्यांची पिशवी. गायीचे दावे त्याने सकाळीच सोडले होते, पण गाय गेली नव्हती. राखेने पांढरी होऊन कुंपणापाशीच उभी होती.

"फॅनीचं मशीन आहे ते," तो म्हणाला. "फॅनी स्पेनमध्ये आहे. तिथं काय मशीनं मिळत नाहीत?"

"तिच्या आईचं आहे."

"आई तर गेली बिचारी. आता आपणही जायचं का, मशीनपायी?"

एतेल्विनाने सुरी उलटी धरली. मग ती दुसऱ्या बाजूने प्रयत्न करू लागली.

गावातले सगळे लोक गावामागच्या ज्वालामुखीच्या डोंगरालाही आई म्हणत. सहा वर्षे आई मधूनमधून खोकत होती. दोन-तीन दिवस राख उडायची, कोबीची पाने झटकावी लागायची, की पुन्हा सगळे शांत. पण आज सकाळी लष्कराचा सार्जंट घरोघर फिरून सांगून गेला होता, की या वेळी राहायचे नाही. माथ्यावर पावसाचे ढग जमले होते. पाऊस पडला की वरची सगळी राख चिखल होऊन घळीतून खाली येणार आणि पूल घेऊन जाणार. चागलोमा गावातून बाहेर पडायला त्या पुलाखेरीज रस्ता नव्हता. दुसरी एक पायवाट होती, ती वर आईकडेच जात होती. दोन ट्रक सकाळी गेले. शेवटचा चार वाजता निघणार होता, आणि माणशी एकच गाठोडे, तेही मांडीवर मावेल एवढे, असा हुकूम होता.

मांडीवर मावेल एवढे. एतेल्विनाने खोलीभर नजर फिरवली. घराच्या दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत भरल्या होत्या आणि त्यातली एकही वस्तू तिची नव्हती.

सुरुवात शेजारच्या फॅनीपासूनच झाली होती. देशातल्या बँका बुडाल्या त्या वर्षी निम्मे गाव कामासाठी स्पेनला निघाले. जाताना फॅनीने घराची किल्ली आणि मशीन तिच्याकडे ठेवले. मग फॅनीच्या दिराने टीव्ही आणून ठेवला. त्यानंतर रीत पडल्यासारखेच झाले. सामान एतेल्विनाकडे ठेवा, देवळातून चोरी होईल पण तिच्याकडून व्हायची नाही, असे लोक म्हणत. ते ऐकून तिला बरे वाटे. सात घरांचे सामान आले. पाळणा, लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, काचेच्या पेटीतला संत अंतोनिओ. तीन वर्षांत नवराबायकोची खाट स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून ती दोघे चुलीशेजारी झोपत होती आणि पायाखालून खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग पळत होते.

आणि घर सोडून जाणे बंद झाले. शेजारच्या वाडीत रिकाम्या घरांची कुलुपे फुटली, त्यानंतर तर एक रात्रही नाही. मुलगी यादिरा लग्न करून किनाऱ्यावर मांताला गेली होती. तिला पहिला मुलगा झाला, दुसरी मुलगी झाली, दोन्ही वेळा अर्सेनिओ एकटाच जाऊन आला. दुसऱ्या वेळी एतेल्विना बसथांब्यापर्यंत गेली होती. बस येताना दिसली आणि तिला आठवले, की मागच्या खिडकीची कडी लावली की नाही ते नक्की सांगता येत नाही. ती परत फिरली. कडी लावलेलीच होती.

"पावणेतीन," अर्सेनिओ बाहेरून म्हणाला.

तिने मशीन सोडून दिले. सुरी खाली ठेवली, खाटेवरची चादर ओढून आणून जमिनीवर पसरली आणि कागद तेवढे न्यायचे असे ठरवले. एकदा ठरवल्यावर हात भराभर चालू लागले. एकाच्या जमिनीचा उतारा, दुसऱ्याची खरेदीखते, बाप्तिस्म्याचे दाखले. लग्नाच्या फोटोंच्या चौकटी तिने मोडल्या आणि फोटो काढून घेतले. काच काढताना बोट कापले, ते तिने खांद्यावरच्या शालीच्या टोकात गुंडाळले. संत अंतोनिओची पेटी मावेना. तिने संताला बाहेर काढून फोटोंच्या मध्ये आडवे निजवले. पाळण्यातली एक छोटी उशी घेतली. टीव्हीच्या मालकासाठी काय न्यावे ते कळेना, म्हणून टीव्हीवरचा विणलेला रुमाल घेतला. फॅनीच्या वाट्याची म्हणून तिच्या घराची किल्ली घेतली. सहा घरे झाली.

सातवी होती लिग्याची बॅग.

पुठ्ठ्याची जुनी, कोपरे झिजलेली बॅग, दोरीने दुहेरी बांधलेली, वर छोटे कुलूप. लिग्या मजुराची पोर, आईबाप नसलेली, दुसऱ्याच्या गोठ्याशेजारी भाड्याच्या खोलीत राहणारी. एकोणीस वर्षांची असताना स्पेनला निघाली. जायच्या आदल्या संध्याकाळी ही बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून आली होती आणि म्हणाली होती, की महत्त्वाचे आहे, काकू, जपा. बाकीचे लोक वर्षातून एकदा फोन करत. लिग्या दर महिन्याला करायची, आणि दर वेळी बॅगेची चौकशी. एका पावसाळ्यात छप्पर गळले तेव्हा एतेल्विनाने आपले अंथरूण काढून कोरड्या जागी ती बॅग ठेवली होती.

आजवर तिने कोणाचे काही उघडून पाहिले नव्हते. पण अख्खी बॅग नेता येणार नव्हती, आणि आत काय आहे हे पाहिल्याशिवाय निवडता येणार नव्हते. तिने दोरी सोडली आणि कुलूप तोडायला हातोडी शोधली. तिची गरज पडली नाही. कोयंडा गंजलेला होता, ओढल्याबरोबर हातात आला.

वर दुमडलेले वर्तमानपत्र. खाली मक्याची सुकी साले. तिने हात घालून साले बाजूला केली, तर खाली आणखी साले. तळाशी पिठाच्या जुन्या गोणपाटात काहीतरी जड गुंडाळलेले लागले. तिने ते उलगडले. नदीतले तीन गोल धोंडे होते.

तिने बॅगेचा तळ चाचपला, अस्तर दाबून पाहिले, वर्तमानपत्राची घडी उघडून झटकली. मग ती तिथेच जमिनीवर बसली. मक्याचे एक साल तिच्या हातात होते. ते तिने बोटांनी बारीक केले, अगदी भुगा होईपर्यंत, आणि दुसरे घेतले. बसथांबा तिला डोळ्यांसमोर दिसत होता. थांबलेली बस, दार उघडून तिच्याकडे पाहणारा कंडक्टर, आणि परत फिरलेली ती.

दुसरे साल अर्धे कुस्करून झाले होते, तेव्हा तिला त्या संध्याकाळची लिग्या आठवली. त्या आठवड्यात रोज कोणी ना कोणी काहीतरी घेऊन येत होते. कोणी बैलगाडीतून, कोणी डोक्यावरून. गावभर तीच चर्चा होती, कोणी एतेल्विनाकडे काय ठेवले याची. आणि ज्या पोरीकडे ठेवायला काहीच नव्हते, ती नदीवर जाऊन धोंडे निवडत बसली असेल. बॅग हलकी लागू नये म्हणून.

तिने हातातले साल परत आत ठेवले. धोंडे पहिल्यासारखे गुंडाळले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि दोरी बांधायला घेतली.

"सव्वातीन. तो सार्जंट ओरडतोय खाली." अर्सेनिओ आत आला. त्याने चादरीतल्या ढिगाकडे पाहिले, मग बॅगेकडे. "त्या लिग्याचं काय घेतलंस?"

"काही नाही. जागा नाही."

"सगळ्यांचं घेतलंस, टीव्हीवरचा रुमालसुद्धा घेतलास. आणि त्या अनाथ पोरीचंच काही नाही?"

"कागद आहेत नुसते. राहू दे."

"कागद आहेत तर मग न्यायलाच हवेत."

नऊ वर्षे या सामानाला शिव्या देणारा तो माणूस खाली बसला आणि आपले गाठोडे सोडू लागला. त्याने बियाण्याच्या बटाट्यांची पिशवी काढून भिंतीशी ठेवली. तांबड्या सालीचे ते वाण त्याच्या वडिलांपासूनचे होते, गावात आणखी कोणाकडे नव्हते.

"अहो, ठेवा ते. बटाटे घ्या तुमचे."

"मी म्हातारा झालो. कुठं लावणार आहे आता?"

"मी सांगते ना, ठेवा खाली!"

तिचा आवाज चढला. अर्सेनिओने तोवर बॅगेला हात घातला होता. त्याने ती उचलली. आत धोंड्यावर धोंडा आदळल्याचा बोदा आवाज झाला आणि मग सालांची सळसळ. तो तसाच उभा राहिला. त्याने आयुष्यभर मका सोलला होता. त्याने तिच्याकडे पाहिले. तिने बोटाला गुंडाळलेली शाल घट्ट केली.

 त्याने बॅग स्वयंपाकघरात नेली, उघड्या खाटेवर मधोमध ठेवली आणि कोपऱ्यातले पोते तिच्यावर नीट पांघरले.

"इथं बरी आहे," तो म्हणाला. मग बटाटे गाठोड्यात परत भरले.

चौकापर्यंत जायला नेहमी पाच मिनिटे लागत. त्या दिवशी वीस लागली. तोंडाला फडकी बांधून दोघे एकमेकांची बाही धरून चालत होती. समोर हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. गाय थोडी मागे आली आणि थांबली. ट्रकपाशी सार्जंटने एतेल्विनाचे गाठोडे दाबून पाहिले आणि मावशी, कपडे घेतले ना, असे विचारले. तिने हो म्हणून मान हलवली. मग तिच्या ध्यानात आले, की अंगावर आहेत तेवढेच.

ताडपत्रीखाली चाळीस माणसे होती. मागचा पडदा बांधल्यावर पूर्ण अंधार झाला.  एक बाई एकसारखी जपमाळ ओढत होती आणि तिला मध्येच खोकला येत होता. हवा जड झाली. ट्रक पुलावर चढला तसा चाकांचा आवाज पोकळ झाला आणि त्याच वेळी ताडपत्रीवर पहिले थेंब पडले. टप, टप, चिखलाचे जाड थेंब. जपमाळवाली थांबली. खालून घळीतून एक घरघर येत होती, ती ऐकू येण्याआधी तळपायांना कळली. अर्सेनिओचा हात अंधारात तिच्या गुडघ्यावर येऊन बसला. पूल संपला तेव्हा चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला.

तासाभरात पूल राहिला नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले.

खालच्या शहरात मठाच्या शाळेत सगळ्यांची सोय केली होती. कार्यालयात एक फोन होता आणि सिस्टर ब्रिहिदा नावाची एक हसरी नन तो सांभाळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्पेनहून फोन यायला लागले. फॅनीने आधी रडून घेतले आणि मग मशीनचे विचारले. मशीन राहिल्याचे ऐकल्यावर ती म्हणाली, की नऊ वर्षे सांभाळले आणि शेवटच्या दिवशी सोडले का, वहिनी. एतेल्विना हो म्हणाली. फॅनीच्या दिराला आपण टीव्ही ठेवल्याचे आठवतच नव्हते. तो कोणाकडे ठेवला होता, असे त्याने तिलाच विचारले. बाकीच्यांचे कागद तिने सिस्टरच्या कपाटात नावानिशी लावून ठेवले आणि कपाटाची किल्ली सिस्टरकडेच राहू दिली.

लिग्याचा फोन संध्याकाळी आला. ती एका म्हातारीच्या घरी राहून तिची देखभाल करत होती आणि म्हातारी झोपल्यावरच तिला फोन करता येई. काकू बाहेर पडल्या का, काकांच्या छातीचे कसे आहे, गाय कुठे आहे, सगळे तिने विचारले. बॅगेचे विचारले नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

मग एतेल्विनाच म्हणाली, "तुझी बॅग आहे हं."

पलीकडे काही ऐकू येईना.

"लिग्या?"

"काकू, इतक्या गडबडीत... कशाला आणली?"

"आणली. कुलूपबिलूप आहे तसंच आहे. काकांनी उचलली."

 सिस्टर ब्रिहिदाने घड्याळाकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर.

"जड होती ना?" लिग्याने विचारले. आवाज अगदी लहान झाला होता.

"होती जड," एतेल्विना म्हणाली. "पण उचलली."

लिग्या हसली की रडली ते तारेवरून कळले नाही. पुढच्या उन्हाळ्यात येते, असे काहीतरी ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एतेल्विना खुर्चीतून उठली नाही. मागे रांगेत उभा असलेला अर्सेनिओ पुढे आला. त्याने सगळे ऐकले होते. त्याने टोपी काढली, तिच्यातली राख खिडकीबाहेर झटकली आणि सिस्टरला विचारले, की मांताला एक फोन लावता येईल का.

यादिराने फोन घेतला तेव्हा मागे मुलांचा दंगा चालला होता. ती आधी रडली, मग रागावली, की काल सगळा दिवस फोन का केला नाही. एतेल्विनाने तिचे बोलणे संपू दिले.

"आम्ही येतोय तुझ्याकडे," ती म्हणाली. "मी पण."

"तू येतेस?" यादिराने विचारले. पाठीमागे कोणीतरी लहान मूल कोणाचा फोन आहे असे विचारत होते. "किती दिवस, आई?"

एतेल्विनाने कापलेल्या बोटावरची चिंधी सारखी केली.

"तू जा म्हणेपर्यंत," ती म्हणाली.