चौथ्या खांबाचं पाणी

पिंप्राळ्यात माझ्या शेजाऱ्यांची समजूत आहे की मी कुठल्याशा तपासणी खात्यात आहे आणि वरकमाई बरी असावी. प्रत्यक्षात मी लोखंडाचा कठीणपणा मोजतो. हे सांगितलं की लोक माझी मुलगी काय करते ते विचारतात.

यंत्र हातात मावतं. जाड पेनासारखी नळी, तिच्यात स्प्रिंगने फेकला जाणारा छोटा दट्ट्या, त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी. नळी लोखंडावर टेकवायची, बटण दाबायचं. गोळी टक् करून आपटते आणि उलटी उडते. लोखंड जितकं कडक, तितकी ती वेगाने परतते. त्या वेगावरून पडद्यावर आकडा उमटतो. एवढंच. इतकी वर्षं हे करतोय, तरी टक् झाल्यावर माझा श्वास अजून अडकतो. इतक्या कमी वेळात इतकं खरं उत्तर माणसांकडून मला कधी मिळालेलं नाही. कारखानदारांकडून तर नाहीच.

नरडाण्याजवळ योगराज शेठची कापसाची जिनिंग आहे. सीझन संपता संपता तिथे रुईला आग लागली आणि गाठी बांधायचा प्रेस तिच्यात सापडला. प्रेसला चार खांब. पंप चालू झाला की रुई दाबली जाते आणि सगळा ताण या चौघांवर येतो. ते पाणी दिलेल्या लोखंडाचे असतात, म्हणजे तापवून, विझवून कडक केलेले. आगीत ते पाणी उतरलं असेल तर भर दाबाखाली खांब तुटतो आणि शेजारी उभ्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. तो माणूस म्हणजे प्रेस चालवणारा नवल.

"तीन खांब गेल्यातच जमा धरा," शेठ मला शेडमध्ये नेत म्हणाले. "पण चौथा बघा, कसा चकाचक! त्याला आचसुद्धा लागली नाही. देवाची कृपा."

तीन खांब काजळीने काळे ठिक्कर होते. चौथा खालपासून छातीपर्यंत शेंदराने तुकतुकीत, वर झेंडूची माळ. त्याच्यापाशी एक म्हातारी बसली होती.

"ही माझी माय, भिकुबाई," नवल म्हणाला. "मी प्रेसवर लागलो तेव्हापासून या खांबाला तीच तेल-शेंदूर लावते."

मी काळे खांब कानशीने घासून घेतले. टक्. टक्. टक्. आकडे पाचशेच्या वर, जिथे असायला हवे तिथेच. वरून कोळसा झालेले तिघेही आतून जसेच्या तसे होते. शेठनी माझ्याकडे आणि मग यंत्राकडे संशयाने पाहिलं. चांगल्या बातमीसाठी त्यांनी मला बोलावलं नसावं.

चौथ्यावर शेंदरावरूनच नळी टेकवून पाहिली. यंत्राच्या मते तो खांब लाकडाचा होता.

"शेंदूर काढावा लागेल," मी म्हणालो. "गोळी लोखंडालाच लागली पाहिजे."

भिकुबाई उठून उभ्या राहिल्या.

"हाऊ देव शे मना. याले कानस लावशी?"

"अक्का, थोडंसंच. हाताच्या पंजाएवढं."

"देवनी खोळ आपीआप पडस, भाऊ. तेना मनमा ऊनं की पडस. मानूस पाडत नही."

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. शेंदराचे थर साचून त्यांची खोळ होते आणि एक दिवस देव ती स्वतःच टाकतो. मग वाजतगाजत मिरवणूक निघते. त्या दिवसाची वाट पाहायला माझी हरकत नव्हती, पण शेठना दसऱ्याला प्रेस चालू करायचा होता.

"कशाला उगाच भावना दुखवायच्या?" शेठ म्हणाले. "दिसतोय ना चांगला? लिहून टाका चांगला."

नवल हसला. "शेठ, मग पहिल्या गाठीला तुम्हीच उभे राहा इथे."

शेठना चहाची आठवण झाली आणि ते बाहेर गेले.

मी यंत्र भिकुबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मी दाखवलं तसं काळ्या खांबावर टेकवून बटण दाबलं. टक्. आकडा उमटला.

"बोलना का रे हाऊ?"

"बोलला. बरा आहे म्हणतो."

त्यांनी आणखी एकदा दाबलं. मग दुसऱ्या काळ्या खांबावर. चेहऱ्यावर तसा भाव आरतीच्या वेळी असतो. मग त्या चौथ्याकडे वळल्या.

"आनि मना?"

"शेंदरातून त्याचं ऐकू येत नाही, अक्का."

"नवल, तू उभा कोठे ऱ्हास?"

"इथंच, माय. व्हॉल्व्ह याच खांबाशी शे."

भिकुबाईंनी माळ काढून बाजूला ठेवली. तेलाची वाटी घेतली. "कानस नको," त्या म्हणाल्या. "आंघोय मी घालस." त्या तेल चोळत राहिल्या, नखांनी थर सोडवत राहिल्या, आणि प्रत्येक पापुद्रा पदरात घेत गेल्या. वरचा थर ओलसर, ताजा होता. आगीनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो लावला होता, देवाने पोराला वाचवलं म्हणून. त्याखाली मात्र सगळं जळून कोळसा झालेलं. त्याखाली लोखंड, निळसर काळं.

मी ते घासलं. टक्. चारशेसुद्धा नाही. पुन्हा जरा बाजूला. तेच. छातीच्या वर, जिथे शेंदूर कधी लागला नव्हता, तिथे पाचशेच्या पुढे.

"माय, याचं पाणी उतरेल शे," नवल हळूच म्हणाला.

कारण मला कळलं होतं. तेलाला वर्षानुवर्षं रुई चिकटत आली होती. बाकीच्या खांबांवरून आग झटकन निघून गेली, इथे ती मुक्कामाला राहिली. हे म्हातारीला सांगायचं धाडस माझ्या शिक्षणात नव्हतं.

"तेल मीच लायेल व्हतं," त्या स्वतःच म्हणाल्या. त्यांनी त्या मऊ झालेल्या जागेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बठ्ठा इस्तो यानी सोताना आंगवर लिन्हा. बाकीना तीन वाची ग्यात."

मी पुन्हा एकदा आकडा पाहिला. सगळा विस्तव तेलाने धरला म्हणा, नाहीतर देवाने अंगावर घेतला म्हणा, तो दोन्ही बाजूंनी बरोबर होता. अशी वेळ माझ्यावर यापूर्वी आली नव्हती.

चौथा खांब बदलला. दसऱ्याच्या आधी शेठनी मला परत बोलावलं. आता त्यांना यंत्राचं एवढं वेड लागलं होतं की फाटकाचा कडी-कोयंडासुद्धा मोजून घेतला. नव्या खांबावर शेंदराचा एकच पातळ हात होता, तेल न घालता. छातीच्या उंचीवर रुपयाएवढी जागा कोरी, घासून लखलखीत ठेवलेली.

"तुना यंत्रसाठे डोया ठेयेल शे," भिकुबाई म्हणाल्या. "दर साल येत जाय."

टक्. लोखंड उत्तम होतं. नवल व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिला.

जुना खांब आवारातल्या लिंबाच्या झाडाखाली रोवला होता, शेंदराने माखलेला, आणि त्यालाही तसाच डोळा होता. गरज नव्हती, तरी मी नळी टेकवली. आकडा तोच आला, कमी. मग खाली बसून सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायला लागलो. त्याला वेळ लागतो.